जमिनीवर घडा नाही

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन मध्यात, 1943 साली, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ज्याँ-पॉल सार्त्र यांचा सातशेच्या वर पानांचा ग्रंथ बाहेर पडला. अशा दिवसांत तत्त्वज्ञानाचं एवढं जाड पुस्तक कोण घेणार? तरी ते खपायला लागलं. त्यावर एक किस्सा सांगतात. पुस्तकाचं वजन म्हणे बरोबर एक किलो भरायचं, आणि बाजारातली धातूची वजनं तर युद्धासाठी वितळवायला गेलेली. म्हणून बायका भाजी तोलायला सार्त्र घेऊन जायच्या. किस्सा आहे, किस्सा म्हणूनच घ्यावा. पण बारामतीच्या मंडईत रोज तराजू धरणाऱ्याला तो ऐकवला तर तो हसेल आणि विचारेल, ‘मग वाचलं कुणी?’

प्रश्न रास्त आहे. ‘बीइंग अँड नथिंगनेस’, म्हणजे ‘असणे आणि नसणे’, हा अस्तित्ववादाचा सर्वांत गाजलेला आणि बहुधा सर्वांत जास्त अर्धवट सोडलेला ग्रंथ आहे. इंग्रजीत तो हेझल बार्न्स यांनी 1956 साली आणला. सेरा रिचमंड यांचं नवं भाषांतर 2018चं. पुण्यामुंबईत असो की बारामती-इंदापुरात, मराठी वाचकाच्या हाती यांपैकीच एक पडतं. वाचक उत्साहाने पहिलं पान उघडतो आणि प्रस्तावनेतच अडकतो. हुसर्ल, हायडेगर, बर्कली अशा मंडळींशी सार्त्र तिथे वाद घालत असतात, आणि ती मंडळी काय म्हणाली होती हे वाचकाला ठाऊक आहे असं गृहीत धरून. खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट मग त्याच पानावर पिवळं पडतं.

अवघड ग्रंथ वाचायचा कसा, हे मात्र बारामतीला कुणी नव्याने शिकवायला नको. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईकांच्या आश्रयाला पन्हाळ्याचा एक तरुण पुराणिक आला, मोरेश्वर रामचंद्र पराडकर. मराठी वाचक त्यांना मोरोपंत म्हणून ओळखतो. जन्म 1729चा, मृत्यू 1794चा. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी याच गावात पुराण सांगण्यात आणि आर्या रचण्यात घालवला. पंतांची रचना सोपी नाही. लांबलचक समास, यमकासाठी जागा सोडून भलतीकडे जाऊन बसलेले शब्द, एका ओळीतला कर्ता आणि तिसऱ्या ओळीत क्रियापद. त्यांच्या ‘केकावली’वर दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1865 साली ‘यशोदापांडुरंगी’ ही सविस्तर टीका लिहिली. मराठीच्या पहिल्या मोठ्या व्याकरणकारांपैकी एकाला मराठीच कविता समजावून सांगण्यासाठी वेगळा ग्रंथ लिहावासा वाटला, यातच सगळं आलं.

जुने शिक्षक पंतांची आर्या शिकवताना आधी अर्थाकडे जातच नसत. आधी अन्वय. विखुरलेले शब्द गोळा करायचे, कोण, काय, कुणाला या क्रमाने मांडायचे, समास सोडवायचे. अन्वय लागला की निम्मा अर्थ आपोआप पदरात पडतो. मग निरूपण, म्हणजे ऐकणाऱ्याच्या घरातला दाखला देऊन तीच गोष्ट पुन्हा सांगणं. सार्त्रची अगडबंब वाक्यंही अशीच फोडावी लागतात. माणूस जे आहे तेवढाच नसतो, जे नाही तेही तो असतो, अशा उलट्यासुलट्या मांडणीने ते वाचकाला घोळात घेतात. अन्वय लावला की साधी गोष्ट हाती येते. बारावीचा पेपर देऊन इंदापूरच्या गाडीत बसलेला मुलगा अंगाने खिडकीशी असतो, पण मनाने निकालाच्या दिवशी जाऊन पोचलेला असतो. दगड जिथे आहे तिथेच असतो. माणूस सतत थोडा पुढे, थोडा मागे, स्वतःपासून जरासा सुटलेला असतो. या सुटलेपणालाच सार्त्र स्वातंत्र्य म्हणतात.

पोथीवाल्यांना पटणार नाही, पण हा ग्रंथ मधूनच उघडावा. पहिल्या भागात आत्मवंचनेवरचं प्रकरण आहे, तिथून सुरुवात करावी. त्यात पॅरिसच्या कॅफेतला एक वेटर येतो. त्याची चाल जरा जास्तच चपळ आहे, वाकणं जरा जास्तच अदबीचं, ट्रे तोलण्यात सर्कशीतल्या माणसाची ऐट. सार्त्र त्याला न्याहाळतात आणि म्हणतात, हा माणूस वेटर असण्याचा खेळ खेळतोय. दगड जसा दगड असतो तसा आपण वेटर आहोत, अशी स्वतःची समजूत तो घालू पाहतोय.

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला मासे खायला थांबलेल्याने हा वेटर पाहिलेला आहे. टेबलावर ओला फडका फिरवता फिरवता, गिऱ्हाइकाकडे न बघता, एका दमात तो यादी म्हणतो : चिलापी फ्राय, मरळ रस्सा, सुक्कं, थाळी, भाकरी का चपाती. सूरसुद्धा ठरलेला. शेवटचा शब्द उंच उचलायचा आणि तिथेच तोडायचा. पण त्याच्या खिशातला फोन वाजतो, पलीकडे आई असावी, आणि आवाज एकदम दुसऱ्या माणसाचा होतो. तो मघाचा सूर कुठे गेला? सार्त्रचं अख्खं प्रकरण त्या दोन आवाजांमधल्या फटीत बसतं. गिऱ्हाइकालाही वेटर वेटरच असलेला सोयीचा असतो, हेही ते बजावतात. दुकानदाराने स्वप्नं बघत बसलेलं कुणाला आवडतं?

ज्यांना एवढंही जड वाटतं त्यांच्यासाठी एक छोटं दार आहे. युद्ध संपल्यावर, 29 ऑक्टोबर 1945 रोजी, सार्त्र यांनी पॅरिसमध्ये एक जाहीर व्याख्यान दिलं. गर्दी इतकी लोटली की काही जण चेंगरून बेशुद्ध पडल्याचं सांगतात. पुढच्या वर्षी ते ‘अस्तित्ववाद म्हणजे मानवतावाद’ या आशयाच्या नावाने छापून आलं. त्यात त्यांनी कागद कापायच्या सुरीचा दाखला दिला आहे. बारामती-इंदापुरात त्या जागी ऊसतोडीचा कोयता ठेवावा. लोहार लोखंड तापवण्याआधीच कोयता कशासाठी, मूठ केवढी, पातं किती वाकवायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. कोयत्याचं प्रयोजन आधी, कोयता नंतर. माणसाचं तसं नाही, असं सार्त्रचं म्हणणं. माणूस आधी जन्माला येतो, आणि आपण कशासाठी आहोत हे करत करत ठरवतो. हंगामात फडाशेजारच्या खोपटाबाहेर खेळणाऱ्या पोराच्या हातात कोयता येणारच, असं जग म्हणत असतं. सार्त्र ते ‘च’ खोडतात. ते खोडणं ऐकायला जितकं छान वाटतं तितकं स्वस्त नाही. गरिबी, जात, उचल यांचं ओझं त्या ‘च’मध्ये किती आहे, याचा हिशेब 1943चे सार्त्र नीट करत नाहीत. पुढे मार्क्सवादाकडे वळल्यावर त्यांनी स्वतःच ही बाजू धरायचा प्रयत्न केला. व्याख्यान छापल्याचा तर त्यांना पश्चात्ताप झाला होता. तिकडे हायडेगरनेही एका दीर्घ पत्रात, आपला या अस्तित्ववादाशी संबंध नाही, असं कळवून टाकलं.

त्याच व्याख्यानात एक विद्यार्थी येतो. भाऊ 1940च्या जर्मन चढाईत मारला गेलेला, वडील शत्रूकडे झुकलेले, आई सगळा जीव या एका मुलात गुंतवून बसलेली. मुलाने विचारलं, इंग्लंडला जाऊन मुक्ती सेनेत भरती होऊ, की आईजवळ राहू? सार्त्रनी सल्ला दिला नाही. तू मोकळा आहेस, निवड कर, एवढंच म्हणाले. वाचकाला प्रथम राग येतो. मास्तर म्हणून हे कसलं उत्तर? पण पुढचा मुद्दा बोचरा आहे. सल्ला मागायला कुणाकडे जायचं, हे ठरवतानाच माणसाने अर्धं उत्तर निवडलेलं असतं. पुण्याला शिकायला जावं की आजारी आई आणि चार एकर ऊस सांभाळावा, हे विचारायला पोरगा कीर्तनकारबुवांकडे गेला तर एक ऐकेल, कॉलेजच्या सरांकडे गेला तर दुसरं. आणि हे त्याला निघण्याआधीच माहीत असतं.

गाव आणि पुणे यांच्यामधली ही ओढाताण साठच्या दशकात मराठी कादंबरीतही आली. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 साली सुरू झालं. पुढच्याच वर्षी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. तिचा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो आणि पदरात फारसं काही न पडता परत जातो. समीक्षकांनी तिला अस्तित्ववादी म्हटलं. नेमाडे पुढे देशीवादाकडे गेले. सार्त्र हाती घेण्याआधी ‘कोसला’ पुन्हा वाचली तर तयारी आपोआप होते. नेमकी व्याख्या हवी असेल तर मराठी विश्वकोशातली ‘अस्तित्ववाद’ ही नोंद आहे, आणि दे. द. वाडेकर यांनी संपादलेला तत्त्वज्ञान महाकोशही आहे.

आता ग्रंथाच्या नावातला दुसरा शब्द : नसणे. इथे भारतीय वाचक पॅरिसकरांपेक्षा वरचढ आहे. सार्त्र चार वाजता पिएर नावाच्या मित्राला भेटायला कॅफेत जातात, पंधरा मिनिटं उशिरा. पिएर थांबला असेल का? टेबलं, आरसे, धूर, बशांचा आवाज, सगळं आहे, पण ते सगळं मागे सरकतं आणि पिएरचं नसणं पुढे येतं. ते ‘दिसतं’. सेनापती वेलिंग्टनही त्या कॅफेत नसतो, पण त्याचं नसणं कुणाला जाणवत नाही, कारण त्याची वाट कुणी पाहत नव्हतं.

आपल्याकडे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, हाच प्रश्न कैक शतकं घोळवत होते. त्यांचा दाखला कॅफेचा नाही, मातीचा : जमिनीवर घडा नाही. नुसती जमीन दिसणं वेगळं आणि घड्याचा अभाव कळणं वेगळं. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव त्याला त्यांनी ‘प्रतियोगी’ असं नावही दिलं. मीमांसकांतल्या भाट्टांनी तर नसणं कळण्यासाठी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे : नैयायिकाच्या लेखी अभाव जगातच असतो, सार्त्रच्या लेखी तो माणसाच्या अपेक्षेमुळे जगात शिरतो. हा फरक ज्याच्या ध्यानात आला, त्याने ग्रंथाचं पहिलं प्रकरण जवळजवळ जिंकलं.

मोरोपंतांकडेही याचा एक नमुना आहे. त्यांनी रामायणं रचली ती एकापरीस एक कसरतीची. त्यातलं एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठ मिटून उच्चारायचं एकही अक्षर त्यात घ्यायचं नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म सगळे बाद. म बाद, म्हणजे ‘राम’ हा शब्दच बाद. कथा रामाची आणि नाव तोंडी आणायची सोय नाही! ऐकणारा प्रत्येक चरणाला त्या दोन अक्षरांची वाट पाहत असणार. पंतांनी जे केलं ते शब्दखेळ म्हणून, पण पिएरच्या कॅफेइतकाच तो चोख प्रयोग आहे.

वाचनाची आणखी एक रीत बारामती-इंदापूर रस्त्याने दरवर्षी चालत जाते. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्याचं. दिंडीत चालणाऱ्या कितीतरी जणांनी ज्ञानेश्वरीची पारायणं केलेली असतात, आणि सगळ्या ओव्या कळल्या असा दावा त्यांच्यातला एकही करणार नाही. न कळलेलं तसंच घेऊन पुढे जायचं, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच ओवीशी यायचं. इंग्रजी शिकलेल्या वाचकाला ही सवय मोडल्यासारखी झाली आहे. एक परिच्छेद कळला नाही की तो पुस्तक मिटतो. सार्त्रचा ग्रंथ पारायणाच्या हिशेबाने, रोज पाच पानं, दोघातिघांनी मोठ्याने वाचून केला तर पाचेक महिन्यांत एक फेरी होते. दोघंतिघं हवेतच. एकट्याने वाचताना ‘कळलं’ असं स्वतःला सांगणं फार सोपं असतं, आणि त्यावरचं प्रकरण तर आधीच होऊन गेलं.

नसण्याच्या प्रकरणाला निरूपणाचा दाखला शोधायला इंदापूर तालुक्याबाहेर जावं लागत नाही. भीमेवर उजनी धरण झालं, 1980च्या सुमारास पाणी भरलं आणि जुनं पळसदेव गाव बुडालं. गाव वर सरकलं, पळसनाथाचं प्राचीन देऊळ खाली राहिलं. पाऊस दडी मारतो त्या वर्षी, उन्हाळ्याच्या अखेरीला, आधी शिखर दिसतं, मग हळूहळू खालचे दगड. लोक होड्यांतून बघायला येतात, फोटो काढतात, जवळपास रोहित पक्षी उतरले असतील तर त्यांचेही काढतात.

पण धरण भरलेलं असताना त्याच काठावर दोन माणसं उभी करावीत. पाहुण्याला पाणी दिसतं, लांबवर पसरलेलं, छान. जुन्या पळसदेवच्या म्हाताऱ्याला त्याच पाण्यात वेस दिसते, पार दिसतो, देवळापुढची दीपमाळ कुठे होती ती जागा दिसते. तो हात लांब करून, बोटाने नेमकी दिशा धरून, तिथं आमचं घर, असं सांगतो. पाहुणा त्या बोटाच्या रेषेत बघतो. तिथे एक बगळा बसलेला असतो.