कडीचा दोष नाही

बाथरूमचं पीव्हीसीचं दार उचलून धरल्याशिवाय कडी लागत नसेल, तर बघायची ती वरची बिजागरी. दाराचं वजन एका बाजूला लटकतं. खालची बिजागरी दाबली जाते, वरची मात्र उपटली जाते. त्यात दार आतून पोकळ, स्क्रूला धरायला पातळ भिंत तेवढी. भोक रुंदावलं की स्क्रू नुसता पिळून उपयोग नाही. दाराखाली पाचर सारून ते जागेवर आणा, पोकळीत लाकडी ठोकळा बसवा, त्यात स्टेनलेस स्टीलचे लांब स्क्रू घट्ट करा. कानशीने कडीचं भोक वाढवणं ही आपली आवडती पळवाट. दार लोंबतच राहतं.

फक्त उन्हाळ्यात अडकत असेल तर गोष्ट वेगळी. तापमान २० अंशांनी वाढलं, तर २ मीटरचं पीव्हीसी दार दोन-तीन मिलिमीटर वाढतं.