गाजरगवतावरचा भुंगेरा



जेमतेम सहा मिलिमीटर लांबीच्या एका कीटकाविषयी मी आज बोलणार आहे. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुलातील या जीवाचे शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. मराठीत त्याला मेक्सिकन भुंगेरा म्हणतात.

त्याचे अंग वाटोळे व वरून फुगीर, डोके तपकिरी. पाठीवर मिटलेले पुढचे दोन पंख कठीण व पांढरट असून त्यांवर गडद तपकिरी रेघा असतात. उडण्याचे पातळ पंख या कवचाखाली घडी करून ठेवलेले असतात. मादी पानांच्या खालच्या बाजूस फिकट पिवळी अंडी घालते. अळ्या कोवळी पाने व शेंडे खातात आणि चार अवस्था ओलांडल्यावर मातीत शिरून कोषात जातात. प्रतिकूल ऋतूत प्रौढ भुंगेरेही मातीत सुप्त राहतात व पावसाबरोबर वर येतात.

गाजरगवत हे मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याला खाऊन आवर घालणारा कीटक येथे नव्हता; म्हणून १९८३ साली हा भुंगेरा मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये मोकळा सोडण्यात आला.

पुढे कर्नाटकात तो सूर्यफुलावर आढळला आणि एकच खळबळ उडाली. ही भीती अकारण नव्हती. गाजरगवत व सूर्यफूल एकाच कुलातील वनस्पती. शिवाय बटाट्याचे पीक फस्त करणारा कुप्रसिद्ध कोलोरॅडो भुंगेरा हा याचा जवळचा नातलग, आणि त्याच्याही पाठीवर अशाच रेघा! संशोधकांनी बारकाईने पाहिले, तेव्हा उलगडा झाला. गाजरगवताचे पराग वाऱ्याने सूर्यफुलाच्या पानांवर पडले, की प्रौढ भुंगेरे ती पाने कुरतडतात. मात्र सूर्यफुलाची कीड म्हणून तो स्थिरावला नाही.

हा भुंगेरा गाजरगवत समूळ नष्ट करील, अशी आशा मी दाखवणार नाही. पावसाळा सरला की त्याचे काम मंदावते. तरीही बांधावरच्या गाजरगवतावर तो दिसल्यास त्याला चिरडू नये, त्याच्यावर औषध फवारू नये. पाठीवरच्या रेघांवरून शत्रू-मित्र ठरत नाहीत. तो काय खातो आणि का खातो, हे पानाजवळ बसून पाहावे लागते. विज्ञानाचे शिक्षण म्हणजे तरी दुसरे काय?