बाजाराचं गणित – लेखांक 6 : डीमार्टची रांग का हटत नाही?

कोपऱ्यावरचा वाणी उधारीच्या वहीवर गिऱ्हाईक कसं धरून ठेवतो, हे आपण मागच्या लेखांकात पाहिलं. मग जिथे उधारी नाही, घासाघीस नाही, 'काय ताई, बऱ्याच दिवसांनी!' असं विचारणारं कुणी नाही, त्या दुकानात महिन्याच्या पहिल्या रविवारी पाय ठेवायला जागा का नसते?

डीमार्टचं पहिलं दुकान 2002 साली मुंबईत पवईला निघालं. संस्थापक राधाकिशन दमानी हे शेअर बाजारात मुरलेले गुंतवणूकदार. दुकानं वाढवताना त्यांनी घाई केली नाही. मार्च 2025 अखेर ती 415 झाली. आत सजावट बेताचीच, गर्दी भरपूर. तरी लोक जातात, याचं पहिलं कारण फळीवरच्या चिठ्ठीत दिसतं. तिच्यावर दोन आकडे असतात : छापील किंमत आणि डीमार्टची किंमत. पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापणं आपल्याकडे कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे तुलना आयती मिळते. सेल लागण्याची वाट पाहायची नाही. भाव रोजच कमी, हा भरवसा एकदा बसला की पाय आपोआप तिकडे वळतात.

हे दुकानाला परवडतं कसं? बहुतेक दुकानं मालकीच्या किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागेत आहेत, म्हणून दर वर्षी चढणाऱ्या भाड्याचा बोजा नाही. पुरवठादारांना पैसे लवकर चुकते होतात, म्हणून ते भावात सूट देतात. आणि भर असतो तो रोज लागणाऱ्या, झटपट खपणाऱ्या मालावर. माल पडून राहिला नाही की अडकलेला पैसा लवकर सुटतो आणि थोड्या नफ्यावरही धंदा चालतो.

पण सगळाच नफा थोडा नसतो. तूरडाळ, साखर, तेलावर फार सुटत नाही. कपडे, चादरी, स्टीलची भांडी, प्लास्टिकचे डबे यांवर जास्त सुटतं. 2024-25 च्या विक्रीत खाद्यपदार्थांचा वाटा सुमारे 57 टक्के होता, तर कपडे आणि गृहोपयोगी वस्तूंचा सुमारे 22 टक्के. डाळ-तांदळाने माणूस दुकानात येतो आणि जाताना ट्रॉलीत मुलाचा टी-शर्ट, दोन डबे आणि एक पायपुसणंही असतं. यातलं काहीच महाग नसतं, म्हणून उचलताना हात आखडत नाही. घरी परतल्यावर मात्र हिशेब लागत नाही.

पावतीच्या तळाशी किती रुपये वाचले, तो आकडा छापलेला असतो. तो छापील किमतीशी तुलना करून काढलेला आहे. गरज नसलेला डबा घेतला, तरी हा आकडा वाढतच जातो. वाणीसुद्धा पुष्कळ वस्तू छापील किमतीपेक्षा कमी भावात देतो, हेही त्या आकड्यात धरलेलं नसतं.

तेव्हा जायला हरकत नाही, पण घरून यादी करून जा. परतल्यावर पावतीवरच्या, यादीत नसलेल्या वस्तूंची बेरीज मांडा. ती वाचलेल्या रकमेपेक्षा कमी भरली, तर स्वस्ताई तुमच्या पदरात पडली. जास्त भरली, तर दुकानाच्या.

(पुढील लेखांक : दहा मिनिटांत घरपोच किराणा, कुणाला परवडतो?)