भोरगिरीची वाट

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ १३०.७८ चौरस किलोमीटर असून ते पुणे, रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत पसरले आहे. त्याचा काही भाग खेड तालुक्यात येतो, आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातले कुरुळी गावही याच तालुक्यातले. कुरुळीच्या दक्षिणेकडून वाहणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. त्या भीमेचा उगम या रानातला.

भीमाशंकरच्या ज्योतिर्लिंगामुळे श्रावणात, महाशिवरात्रीला आणि शनिवार-रविवारी मंदिराचा परिसर गजबजलेला असतो. चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्यामुळे तिथल्या कामगारांना निवांत भटकंतीसाठी हा वार उत्तम. राजगुरुनगरहून वाड्यामार्गे भोरगिरी गाठावे. तिथे नदीकाठी कोटेश्वराचे जुने मंदिर आहे. तिथून गुप्त भीमाशंकर या ठिकाणावरून मंदिरापर्यंत जाणारी सात-आठ किलोमीटरची पायवाट हीच या अरण्याची खरी ओळख. गाडीने थेट वर जाणाऱ्याला मंदिर भेटते, रान भेटत नाही.

वाट जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या दाट सावलीतून चढते. इथे नजर जमिनीवर नको, शेंड्यांकडे हवी. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू वरच राहते. तांबूस पाठ, फिकट पोट, झुपकेदार शेपूट; नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी सुमारे एक मीटर. एका झाडावरून दुसऱ्यावर ते सहा मीटरपर्यंत झेप घेते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांची गोल घरटी बांधते, तीही एकापेक्षा अधिक. त्यामुळे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असणे ही त्याची पहिली गरज. मधली चार झाडे तुटली, की त्याचा रस्ताच तुटतो. माणसांचा गलका ऐकला की ते पानांआड निश्चल बसते. दहा मिनिटे गप्प उभे राहिले, तर आधी त्याची खणखणीत हाक ऐकू येते आणि मग फांदी हलते.

हे रान इतके टिकले त्यात देवरायांचा वाटा मोठा आहे. देवाच्या नावाने राखलेल्या राईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा इथल्या गावांचा दंडक. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रीय भाषेत मांडले. इथली आदिवासी महादेव कोळी कुटुंबे आजही बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करून, वाळवून विकतात. झाड उभे असेल तरच हे उत्पन्न.

पावसाळ्यात धुके दाट असते, दगड निसरडे होतात आणि ओढे अचानक फुगतात. त्याच दिवसांत कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट प्रकाशते. चालण्यासाठी मात्र ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. निघण्याआधी वनखात्याकडे परवानगीची आणि वाट सुरू असल्याची चौकशी करावी, गावातला वाटाड्या घ्यावा. अभयारण्यात प्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे या दोन्ही गोष्टींना १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई आहे. परतीला भोरगिरीलाच उतरायचे असेल, तर दुपारीच पाठ फिरवावी. दाट रानात अंधार लवकर पडतो.