दवाखान्याच्या वाटेवरची विद्या

वैद्यकाकडे वळावयाचे म्हणजे डॉक्टरच व्हावयाचे, ही आमच्या सुशिक्षित घरांतील समजूत फार जुनी आहे. प्रवेशाच्या यादीत मुलाचे नाव लागले नाही, की घरात सुतक आल्यासारखे होते. या समजुतीपायी एक उपयुक्त विद्या आमच्या नजरेआड राहिली आहे. ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन’ असे तिच्या धारकाचे लांबलचक नाव. आपण त्यास आपत्कालीन वैद्यकीय साहाय्यक म्हणू.

ही विद्या कोठे लागते, हे समजण्यास वसई तालुक्याचा नकाशा पुरेसा आहे. पश्चिमेस लोहमार्गालगत गजबजलेली नगरे, पूर्वेस चांदीपसारखी शेताडोंगरांतील गावे, आणि तालुक्यातून धावणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग. याच महामार्गावर पालघर जिल्ह्यात चारोटीनजीक ४ सप्टेंबर २०२२ रोजी सायरस मिस्त्री यांचा अपघाती अंत झाला. अशा मुलखात रुग्ण आणि रुग्णालय यांच्यामधला वेळ कोणाच्या हाती असतो, हा खरा प्रश्न आहे.

या शिक्षणाचा पहिला धडा मोठा चमत्कारिक वाटेल : धावत सुटू नका. तुटलेली वीजतार, सांडलेले पेट्रोल, मागून येणारी वाहने पाहून मगच पुढे व्हा. कारण साहाय्यकच पडला तर रुग्ण दोन होतात. नंतर श्वासमार्ग, श्वास आणि रुधिराभिसरण, या क्रमाने तपासणी. हृदय थांबले असेल तर छातीवर मिनिटास १०० ते १२० दाब, प्रत्येक ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि ३० दाबांमागे २ श्वास. हे वाचावयास सोपे आहे. पुतळ्यावर दोन मिनिटे करून पाहावे, म्हणजे दंडांस कळते! पुढे रक्तस्राव आवरणे, मोडलेल्या हाडास फळी बांधणे, मान न हलवता रुग्णास कुशीवर वळवणे, प्राणवायू देणे, वाटेतच प्रसूती झाली तर बाळ-बाळंतीण सांभाळणे, हे सारे येते.

सर्पदंशाचे उदाहरण चांदीपच्या बाजूस विशेष लागू आहे. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसास मण्यार चावतो तेव्हा वेदना व सूज पुष्कळदा नसतेच, म्हणून घरची मंडळी निश्चिंत असतात. शिकलेला साहाय्यक घट्ट दोरी बांधीत नाही, चिरा देत नाही, विष चोखीत नाही. तो अवयव फळीने स्थिर करतो, रोग्यास चालू देत नाही, पापण्या जड होतात काय हे पाहतो आणि श्वास मंदावताच पिशवी-मुखवट्याने वारा देऊ लागतो. विषावरचा उतारा रुग्णालयातच मिळावयाचा. तेथवर श्वास चालू ठेवणे एवढेच याचे काम. ज्यास ‘एवढेच’ करता येते आणि त्यापुढे हात आवरता येतो, तोच उत्तम साहाय्यक.

ही विद्या कोणास येते? १९६७ साली अमेरिकेत पिट्सबर्ग शहरी ‘फ्रीडम हाउस’ नावाची रुग्णवाहिका-सेवा निघाली. डॉ. पीटर सफार यांनी तेथील बेकार कृष्णवर्णीय तरुण निवडून त्यांस शिकवले, आणि त्यांचे काम त्या देशास धडा ठरले.

आमच्या महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी ‘१०८’ सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तीत गाडीवर डॉक्टरच नेमण्याची पद्धत पडली. इतर कित्येक प्रांतांत तेथे शिकलेला साहाय्यक असतो. डॉक्टर असणे वाईट असे कोण म्हणेल? परंतु चेपलेल्या मोटारीतून माणूस कण्यास धक्का न लावता बाहेर काढणे ही निराळीच हातोटी आहे, आणि ती वैद्यकाच्या पदवीबरोबर आपोआप येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. या पद्धतीमुळे येथील साहाय्यकास खासगी रुग्णवाहिका व रुग्णालयांचे तातडीचे विभाग हाच मुख्य आसरा राहतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य-व्यवसायांत या वर्गाची गणना केली, हे बरे झाले. वेतन मात्र डॉक्टरांच्या मानाने थोडे, आणि पाळ्या रात्रीच्याही.

इतके ऐकूनही ज्या घरातील मुलामुलीस ओढ वाटेल, त्या घरच्या वडील मंडळींनी फी भरण्यापूर्वी संस्थाचालकांस एक प्रश्न अवश्य विचारावा : शिकाऊ उमेदवारास प्रत्यक्ष गाडीवर आणि तातडीच्या विभागात किती तास उभे करता? उत्तरादाखल नुसता छापील प्रमाणपत्राचा नमुना पुढे आला, तर पैसे खिशात ठेवून परतावे.