काचेची होडी ताठ कशी राहते?

काच म्हटली की ती फुटणार, हे आपण गृहीतच धरतो. तरीही शर्यतीच्या आणि सफरीच्या बहुतेक आधुनिक शिडाच्या होड्या काचेच्याच असतात. ही काच केसाहून बारीक तंतूंच्या रूपात असते. असे तंतू पॉलिएस्टर रेझीनमध्ये भिजवून ते घट्ट होऊ दिले की फायबरग्लास तयार होते. कोकणातल्या बंदरांत मासेमारीच्या लहान होड्याही आता याच पदार्थाच्या दिसतात.

साच्यातला मोदक करताना पारी आतून दाबून बसवतात, तशीच ही होडी बाहेरून आत घडत जाते. गुळगुळीत साच्याला आतून आधी रंगीत जेलकोट लावतात. त्यावर काचतंतूंचे थर, त्यांत रेझीन, आणि हवेचे बुडबुडे काढण्यासाठी रूळ. रेझीन घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून एकाच वेळी फार जाड थर देत नाहीत.

अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधील ब्रिस्टल येथील क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलतभावांनी १९५९ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘ट्रायटन’ ही २८ फुटी होडी मांडली. आराखडा कार्ल आल्बर्ग यांचा होता. एका साच्यातून एकसारखी अनेक कवचे निघत असल्याने अशा होड्या कारखान्यात घाऊक प्रमाणात बनू लागल्या. ट्रायटनचे कवच भरीव आणि वजनदार होते. सफरीला ते चालते. शर्यतीच्या होडीला वजन परवडत नाही.

मग कवच पातळ का करू नये? अडचण मजबुतीची नाही, ताठपणाची आहे. डोलकाठी होडीला मध्यभागी खाली दाबते, तर तिला बांधलेल्या तारा नाळ आणि वरामाचे टोक वर ओढतात. होडी धनुष्यासारखी वाकू पाहते. ती वाकली की पुढची तार सैल पडते, शिडाचा आकार बिघडतो आणि वाऱ्याच्या समोर तिरके चढत जाण्याची क्षमता घटते.

येथे शाळेतले गणित उपयोगी पडते. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एक एकक जाडीच्या थराचे दोन समान भाग करून त्यांच्यामध्ये एक एकक जाडीचा हलका गाभा चिकटवला, तर एकूण जाडी २ होते. गाभ्याचा स्वतःचा ताठपणा नगण्य मानला तर २³ वजा १³, म्हणजे ताठपणा सातपट! वजन मात्र किंचितच वाढते. वर्गात थर्माकोलच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी पोस्टकार्डे चिकटवावीत आणि दोन पुस्तकांवर टेकवून मध्ये वजन ठेवावे. नंतर तीच जोडणी न चिकटवता करून पाहावी.

रॉड जॉनस्टन यांची २४ फुटी ‘जे/२४’ १९७७ पासून एव्हरेट पिअर्सन यांच्याच कारखान्यात बनू लागली. तिच्या कवचात बाल्सा लाकडाचा गाभा होता. लाकडाचे तंतू कवचाला काटकोनात उभे, म्हणून ते दाब चांगला सोसते. अशा पाच हजारांहून अधिक होड्या झाल्या.

एकच होडी हवी असेल तर साचा परवडत नाही. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’साठी लाकडी पट्ट्यांचे कवच करून त्यावर फायबरग्लास चढवले. याच होडीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

पण सातपटीचा हा लाभ सर्वस्वी चिकटण्यावर अवलंबून आहे, आणि आमच्या मते खरेदीदार नेमके हेच विसरतो. थर गाभ्यापासून सुटले तर अर्ध्या जाडीचे दोन थर वेगवेगळे वाकतात. प्रत्येकाचा ताठपणा एक अष्टमांश, दोघांचा मिळून एक चतुर्थांश. म्हणजे सातावरून पावावर, अठ्ठावीसपट घसरण, आणि बाहेरून काहीच दिसत नाही!

पाणी बहुधा डेकवरच्या बोल्टांच्या भोकांतून शिरते आणि बाल्सा कुजवते. जाणकार लहान हातोडीने ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर खाली थर सुटल्याचा संशय घ्यावा. उपाय बांधतानाच करायचा असतो: बोल्टाभोवतीचा गाभा कोरून तेथे इपॉक्सी भरायचे आणि ते घट्ट झाल्यावर त्यातूनच भोक पाडायचे. बोल्टामागे फार तर काही मिनिटांचे काम, पण घाईच्या कारखान्यात नेमके तेच वगळले जाते.