सामाईक मापनयंत्रें व त्यांचा खर्च

मातींत जस्त किती, विहिरींत शिसें किती, द्राक्षांत औषधाचा अंश किती, हे प्रश्न केवळ अनुभवी नजरेनें सुटणारे नाहींत. जमिनींतील पिकास मिळण्याजोगें जस्त दर किलोस सुमारें ०.६ मिलिग्रॅमहून कमी असल्यास तें अपुरें समजतात. युरोपीय संघानें ज्या औषधास निराळी मर्यादा घातलेली नाहीं, त्यास सामान्यतः दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, एवढीच मुभा आहे. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या वाढरोधकाच्या अंशामुळें भारतीय द्राक्षें युरोपांत अडलीं, तेव्हां असल्या सूक्ष्म मापाचें मोल बागाइतदारांस पुरतें कळून चुकलें.

इतकें बारीक मोजणारीं यंत्रें फार महाग असतात. परंतु तीं एकाच शास्त्राच्या कामाचीं नसतात. ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटरचेंच उदाहरण घेऊं. ही पद्धति ॲलन वॉल्श ह्यांनीं १९५५ सालीं मांडली. द्रावणाचा फवारा ज्योतींत सोडावयाचा, आणि त्यांत दिव्याचा किती प्रकाश शोषला जातो त्यावरून धातूचें प्रमाण काढावयाचें, असें तिचें तत्त्व आहे. मृदाशास्त्रज्ञ त्यावर मातींतील जस्त मोजतो, पशुवैद्य गुरांच्या रक्तांतील तांबें मोजतो. गुरांत तांबें कां घटलें, हें शोधावयाचें तर वैरण व जमीन हीं दोन्ही तपासावीं लागतात. असें काम एकट्या शास्त्राचें नव्हे. म्हणून प्रत्येक विभागानें निराळें यंत्र घेण्यापेक्षां विद्यापीठानें एक उत्तम यंत्र सर्वांकरितां ठेवावें, हेंच शहाणपणाचें होय.

आपल्या देशांत ही कल्पना नवी नाहीं. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साह्यानें पवई येथील आय.आय.टी.मध्यें १९७६ सालीं असें प्रादेशिक यंत्रकेंद्र निघालें, व बाहेरच्या संशोधकांसहि शुल्क घेऊन त्याचा लाभ मिळूं लागला. जानेवारी २०२० मध्यें कोणतें यंत्र कोठें आहे हें कळविणारी ‘आय-स्टेम’ ही राष्ट्रीय संगणकीय व्यवस्था सुरू झाली.

तथापि यंत्र विकत घेणें म्हणजे अर्धेंच काम. चार शेतकऱ्यांनीं वर्गणी करून गुऱ्हाळाचा चरक आणावा, पण वंगण कोणीं घालावें व मोडतोड कोणीं भरावी हें ठरवूंच नये, तर ऐन हंगामांत चरक बंद पडून ऊंस वाळतो. यंत्राचेंहि तसेंच आहे. वरील यंत्रास बहुधा दर धातूस निराळा दिवा लागतो, शुद्ध वायु लागतो, अखंड वीज लागते, आणि मुख्य म्हणजे जाणता चालक लागतो. खरेदीपुरतेंच अनुदान देऊन ह्या गोष्टींची तजवीज न केल्यास लाखों रुपयांचें यंत्र धूळ खात पडेल, आणि मातीचा नमुना देऊन बसलेल्या शेतकऱ्याची पेरणी निघून जाईल.

सबब आमच्या तीन सूचना आहेत. यंत्राच्या अनुदानांतच कांहीं वर्षांच्या दुरुस्तीची रक्कम राखून ठेवावी. चालकाची जागा कायम असावी. यंत्राची पाळी व शुल्क उघडपणें जाहीर करावें, व त्यांत शेतीच्या प्रश्नांस हंगामापूर्वीं जागा असावी. हा पैसा अखेर रयतेच्या करांतूनच येतो. तेव्हां आपल्या भागांतील कृषि विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यास जाल, त्या वेळीं नव्या बियाण्याबरोबरच तेथील यंत्र चालू आहे कीं बंद, हेंहि वाचकांनीं अवश्य विचारावें.